घरचा डॉक्टर आणि गावकुसाबाहेरचे घर

'फॅमिली डॉक्टर' हा शब्द मराठीत रुळला तो शहरी पांढरपेशा घरांतून. घरातल्या तीन पिढ्यांना ओळखणारा, रात्री-अपरात्री बॅग घेऊन येणारा, लग्नाकार्यात पाहुणा म्हणून बसणारा हा डॉक्टर मध्यमवर्गाच्या कथांत आणि नाटकांत वारंवार भेटतो. दलित आत्मकथनांत तो क्वचितच भेटतो. तेथे भेटतो तो अंगारा, देवऋषी, झाडपाला आणि फार उशिरा गाठलेला सरकारी दवाखाना. हा लेखकांचा विसर नव्हे. घरच गावकुसाबाहेर असेल तर घरचा डॉक्टर कोठून येणार?

सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांचा विचार करताना हा प्रश्न अधिक टोचतो. कारण दवाखान्यांची वाण ह्या भागात कधीच नव्हती. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस ह्या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली रुग्णालय उघडले. 1962 साली तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज कर्नाटकातूनही रोगी मिरजेची वाट धरतात. कराडलाही मोठे रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण मोठे रुग्णालय आणि घरचा डॉक्टर ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जत, आटपाडी, माण, खटाव ह्या दुष्काळी तालुक्यांतील वस्तीला मिरज आठवते ती माणूस अखेरच्या घटका मोजू लागल्यावर. त्याआधीच्या दहा वर्षांत त्या माणसाकडे कोण पाहत होते, हा खरा प्रश्न आहे.

ह्याचा अर्थ आपल्या समाजाचा आरोग्यसेवेशी संबंधच नव्हता, असा नाही. उलट गावाची पहिली सेवा गावकुसाबाहेरूनच येत असे. बाळंतपणाला मांगवाड्यातली सुईण बोलावली जाई. नाळ कापणे, वार पडेपर्यंत बसून राहणे, बाळ-बाळंतिणीला शेकणे ही कामे तिची. कोणत्या घरात मूल आडवे आले होते, कोणत्या सुनेचे पहिले बाळ दगावले होते, हे तिला तोंडपाठ असे. आज ज्याला आपण रोग्याचा पूर्वेतिहास म्हणतो, तो तिच्या डोक्यात होता. म्हणजे घरच्या डॉक्टरचे काम तीच करीत होती. पण गावाने ह्या ज्ञानाला ज्ञान म्हटले नाही. विटाळाचे काम म्हटले. तिच्या हातात मूल जन्मे, तिच्या हातचे पाणी मात्र चालत नसे. पुढे बाळंतपण दवाखान्यात गेले, हे जीव वाचवण्याच्या दृष्टीने योग्यच झाले. मात्र सुईणीची जागा घेणारा, घर ओळखणारा कोणी वस्तीत आला नाही.

डॉक्टर आला तरी तो कसा आला, हे पाहण्यासाठी आपल्या भागाबाहेरचा एक प्रसंग आठवावा लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आत्मपर टिपणांत तो नोंदवला आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. त्या शिक्षकाचे पत्र 12 डिसेंबर 1929 च्या 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. नगरशेठाने दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला. पण बाईला वस्तीबाहेर आणावे, ह्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोच्या. त्याच क्रमाने ते परत गेले. न्यूमोनिया आहे, असे डॉक्टरने सांगितले आणि औषध पाठवले. पुढे तो तिला पाहायलाही आला नाही. बाई मेली.

ह्या प्रसंगाकडे केवळ क्रौर्याची कथा म्हणून पाहू नये. त्यात वैद्यकाचा एक मूलभूत नियम दडलेला आहे. निदान हे स्पर्शाचे काम आहे. नाडी, पोट, छाती ही हाताने आणि कानाने तपासायची असतात. स्पर्श नाकारला की उरते ते यंत्रावरचा आकडा पाहून औषध पाठवणे. थर्मामीटर तिसऱ्या हाताने देण्याची प्रथा गेली असेल. पण रोग्याला हात न लावता, नाव न विचारता, दोन मिनिटांत सुई टोचून वाटेला लावण्याची प्रथा गेली आहे काय? अशी घाई गरीब रोग्याच्याच वाट्याला का येते, हे आपण विचारले पाहिजे.

ह्याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण सातारा जिल्ह्याशी नाते सांगणारे आहे. खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुल्यांचे जन्मगाव. त्यांचा दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतले आणि पुण्याजवळ हडपसरच्या माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड ह्या मुलाला प्लेग झाला, तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. काठेवाडच्या डॉक्टरला जो स्पर्श नको होता, तोच येथे उपचाराची पहिली पायरी ठरला. आरोग्यसेवेची आपली परंपरा सांगायची तर ती येथून सांगावी लागेल.

आता घरचा डॉक्टर नेमके काय करतो, ते पाहू. त्याची तीन कामे आहेत.

पहिले काम स्मरणाचे. वडिलांना अर्धांग झाला होता, म्हणून मुलाचा रक्तदाब चाळिशीच्या आतच पाहावा, हे घर ओळखणाऱ्यालाच सुचते. रक्तदाब आणि मधुमेह वर्षानुवर्षे न दुखता शरीर पोखरतात. दुखत नाही म्हणून मजूर माणूस रोजगार बुडवून दवाखान्यात जात नाही. त्याला कोणीतरी बोलावून तपासावे लागते.

दुसरे काम चाळणीचे. कोणते दुखणे चार दिवसांत आपोआप जाईल, कोणते येथेच बरे होईल आणि कोणते तातडीने मिरजेला वा कराडला न्यावे लागेल, हे तो ठरवतो. ही चाळण नसेल तर दोन्ही बाजूंनी लूट होते. साध्या अशक्तपणाला सलाईन चढते आणि रोगी पाठवल्याबद्दल कमिशन देण्या-घेण्याचा धंदा फोफावतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत 2019 साली शासनाच्या समितीला 82,309 पैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. सातारा-सांगलीच्या कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या बाया ह्याच भागातल्या. पाळीच्या तक्रारीवर आधी औषध आणि विश्रांती सांगणारा एकही विश्वासू डॉक्टर गावी वा फडावर नसावा, ह्याची ही किंमत आहे.

तिसरे काम पाठपुराव्याचे. क्षयाचे औषध नेहमीच्या क्षयात सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात बळ येते, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सोडतो. मग तोच रोग औषधाला न जुमानणारा होऊन परत येतो. शासन क्षयरोग्याला आहारासाठी महिन्याला पैसे देते. ही रक्कम 500 रुपये होती, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाली. पण दार ठोठावून 'गोळी घेतली का' असे विचारणारा माणूस पैशाने आपोआप निर्माण होत नाही.

हे काम समाजही करू शकतो, ह्याचा पुरावा सांगलीतच आहे. 1992 पासून 'संग्राम' ह्या संस्थेने आणि 1996 पासून 'वेश्या अन्याय मुक्ती परिषदे'ने एड्सच्या काळात शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्य कार्यकर्त्या बनवले. त्यांतल्या अनेकजणी देवदासी प्रथेतून आलेल्या. समाजाने ज्यांना रोगाचे कारण ठरवले, त्यांनीच एकमेकींना जपले. अर्थात त्यांच्या धैर्याचे कौतुक करून शासनाने आणि डॉक्टरांनी हात झटकावेत, असा ह्याचा अर्थ नाही.

शासनाची रचना कागदावर अशी आहे: सपाट भागात 30,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5,000 मागे एक उपकेंद्र, आणि 2005 च्या ग्रामीण आरोग्य अभियानापासून साधारण 1,000 मागे एक आशा. 30,000 माणसे ओळखणे एक-दोन डॉक्टरांना शक्य नाही. दुसरीकडे आरोग्य विम्याच्या सरकारी योजना पाच लाखांपर्यंतचा खर्च देतात. पण तो मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर. म्हणजे मूत्रपिंड निकामी झाल्यावर शासन पैसे मोजते, ते निकामी होऊ नये म्हणून वस्तीत बसणाऱ्या डॉक्टरसाठी मात्र हात आखडता घेते. ह्या पोकळीत वस्तीला आधार उरतो तो बाजारपेठेच्या गावातील खाजगी दवाखान्याचा. त्यांतले कित्येक डॉक्टर उधारीवर औषध देतात, हे मान्य केले पाहिजे. पण विश्वासाला हिशेब द्यावा लागत नसेल तर काय होते, हे मार्च 2017 मध्ये मिरज तालुक्यातील म्हैसाळला दिसले. एका खाजगी दवाखान्यातील गर्भपातात बाई दगावली आणि तपासात पुरलेले 19 भ्रूण सापडले.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे 2021 मध्ये, तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे ह्यांनी 'माझा डॉक्टर' ह्या नावाने खाजगी डॉक्टरांना साद घातली. घरोघरचा डॉक्टर लक्षणे वेळीच ओळखील, हा त्यामागचा विचार बरोबर होता. परंतु ज्याला 'माझा' म्हणावा असा डॉक्टरच ज्यांना नाही, त्यांचे काय? साथ ओसरली आणि हा प्रश्नही मागे पडला.

जगात ह्याची उत्तरे शोधली गेली आहेत. ब्रिटनने 1948 साली प्रत्येक माणसाचे नाव एका डॉक्टरच्या यादीत घातले. क्यूबाने 1984 पासून सुमारे 120 कुटुंबांमागे एक डॉक्टर आणि एक परिचारिका वस्तीतच राहायला पाठवली. दोन्हीकडे तत्त्व एकच: डॉक्टर केवळ आलेल्या रोग्याला नव्हे, तर नेमून दिलेल्या सर्व माणसांना जबाबदार असतो. जो आला नाही, तो का आला नाही, हेही त्यानेच शोधायचे.

आपल्या कार्यकर्त्यांनी हीच मागणी धरावी. उपकेंद्रांवर आता समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जातात. वस्तीतील प्रत्येक कुटुंबाचे नाव त्यांच्या यादीत आहे काय, ते आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी वस्तीत येतात काय, रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या मिळतात काय, हे ग्रामसभेत आणि गावाच्या आरोग्य समितीत विचारावे. प्रत्येक घरात एक वही असावी, तिच्यात आजार आणि औषधे लिहिलेली असावीत; शिक्षक आणि विद्यार्थी हे काम सहज करू शकतात. अस्पृश्यतेच्या कारणाने दवाखान्यात प्रवेश नाकारणे हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे, हे तर प्रत्येकाला ठाऊक असलेच पाहिजे.

आपल्यातून शिकून डॉक्टर झालेल्या तरुणांनाही एक शब्द. सगळ्यांनी गावी परतावे, हे सांगणे सोपे आहे आणि अन्यायाचेही; वस्तीचे ओझे एकट्या दलित डॉक्टरने का वाहावे? पण महिन्यातला एक दिवस वस्तीला देणे अवघड नाही. त्या दिवशी रोग्याला हात लावून तपासावे, त्याचे नाव विचारावे, त्याच्या आईला काय झाले होते ते विचारावे. मांगवाड्यातल्या सुईणीला हे सगळे ठाऊक असे. तिला कोणी डॉक्टर म्हटले नाही. तिने सांभाळलेले काम मात्र अजून वस्तीत रिकामे पडले आहे.