धूम्रगंधी बिअर

धूम्रगंधी बिअर : लाकडाच्या धुरावर वाळविलेल्या माल्टपासून तयार केलेली बिअर. सातू (बार्ली) भिजवून, त्यास मोड आणून वाळविला म्हणजे माल्ट तयार होतो. या प्रकारात धूर बिअरमध्ये मागाहून मिसळीत नाहीत. ओला माल्ट वाळत असतानाच तो दाण्यात मुरतो. त्यामुळे बिअरची चव मुख्यतः माल्ट तयार करणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते. ज्या ठिकाणी बिअर करणाऱ्यांनी माल्ट तयार करण्याचे काम आपल्याच हाती ठेवले, त्याच ठिकाणी हा प्रकार प्रामुख्याने टिकून राहिला.

इतिहास : थंड व दमट हवेच्या यूरोपीय प्रदेशांत माल्ट उन्हात वाळविणे नेहमी शक्य नसे. तो जाळीवर किंवा छिद्रे असलेल्या फळ्यांवर पसरून खाली लाकडे जाळीत. अशा भट्टीत धूर दाण्यांतूनच वर जात असल्याने बऱ्याच बिअरींना धुराचा कमीअधिक वास येत असे आणि तो दोष मानला जाई. माल्टला धुराचा स्पर्श होणार नाही अशा भट्टीचे एकस्व इंग्लंडमध्ये सर निकोलस हॅल्स यांना १६३५ मध्ये मिळाले. सतराव्या शतकातच तेथे कोकचा वापर सुरू झाला. पुढे मोठ्या कारखान्यांत अप्रत्यक्ष उष्णतेच्या भट्ट्या आल्या आणि धुराची चव बहुतेक बिअरींतून नाहीशी झाली.

जर्मनीतील बँबर्ग या शहरी मात्र ती टिकली. तेथील ‘श्लेंकेर्ला’ (पहिला उल्लेख १४०५) व ‘श्पेत्सिआल’ (१५३६) ही मद्यगृहे बीच वृक्षाच्या लाकडावर स्वतःचा माल्ट धुरवितात. ‘श्लेंकेर्ला’ची नेहमीची बिअर गडद तपकिरी असून तीत अल्कोहॉलाचे प्रमाण सु. ५% असते. पोलंडमधील ग्रोजिस्क गावची बिअर ओकच्या धुरावर वाळविलेल्या गव्हाच्या माल्टची असते. तेथील उत्पादन १९९३ मध्ये थांबले व २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले. ही बिअर फिकट रंगाची असते. यावरून धुराचा वास व गडद रंग या दोन भिन्न गोष्टी होत, हे ध्यानात येते.

घरगुती परंपरा : नॉर्वेतील ट्रॉनहेमजवळच्या स्ट्यरडाल परिसरात शेतकरी अद्याप आपला माल्ट आपणच तयार करतात. त्यासाठी ‘सोइन’ नावाची भट्टी असलेली लहान घरे बांधलेली असतात. काही घरे अनेक शेजाऱ्यांच्या समाईक मालकीची असतात. छिद्रे पाडलेल्या फळ्यांवर ओला माल्ट पसरून खाली आल्डर वृक्षाची लाकडे जाळतात. या माल्टची बिअर लालसर तपकिरी व तीव्र धूम्रगंधी असते. स्थानिक यीस्ट लुप्त झाल्यावर तेथे पावाचे यीस्ट वापरण्यात येऊ लागले. तरीही बिअरची ओळख पुसली गेली नाही, कारण ती माल्टमध्ये होती. स्वीडनच्या गॉटलंड बेटावरही धुरविलेला माल्ट व जुनिपर यांपासून घरगुती पेय करतात.

माल्ट धुरविणे : दाण्यातील पाण्याचे प्रमाण सु. ४५% होईपर्यंत सातू सु. दोन दिवस भिजवितात. मधूनमधून पाणी काढून त्यास हवा देतात. नंतर तो १५°–१८° से. तापमानात पसरून चार ते सहा दिवस रुजू देतात व उबून बुरशी येऊ नये म्हणून वरचेवर परततात. कोंब दाण्याच्या लांबीच्या सु. पाऊण भाग वाढला की रुजणे थांबवावे लागते. ओलसर दाण्यात धूर चांगला मुरतो, म्हणून दाट धूर आरंभीच देतात. दाणा ओला असताना उष्णता फार वाढल्यास स्टार्चचे साखरेत रूपांतर करणारी एंझाइमे नष्ट होतात. त्यामुळे प्रथम तापमान ५०° से. च्या खाली ठेवतात आणि दाणा बराच कोरडा झाल्यावर ते ८०° से. च्या आसपास नेतात. शेवटी मुळ्या चोळून काढतात व माल्ट काही आठवडे मुरू देतात.

लाकडातील लिग्निनाचे उष्णतेने अपघटन होऊन ग्वायाकॉल, सिरिंगॉल इ. फिनॉलवर्गीय संयुगे तयार होतात. धुराचा वास मुख्यतः त्यांचा असतो. बीच, ओक, आल्डर यांसारखे रुंदपर्णी वृक्षांचे सुके लाकूड त्यासाठी योग्य होय. राळयुक्त चीडचे लाकूड डांबरासारखी कडवट चव देते. रंगविलेले किंवा रासायनिक प्रक्रिया केलेले लाकूड अपायकारक असते. धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघत असल्याने हे काम उघड्यावर किंवा उत्तम वायुवीजन असलेल्या जागीच करावे लागते.

बिअर तयार करणे : वीस लिटर मध्यम तीव्रतेच्या बिअरसाठी सु. ५ किग्रॅ. माल्ट लागतो. त्याचा काही भाग किंवा सर्व माल्ट धुरविलेला असू शकतो. गडद रंगासाठी काळपट भाजलेला माल्ट ३–५% पुरतो. असा माल्ट भाजण्याच्या बंद दंडगोलाचे एकस्व इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलर यांनी १८१७ मध्ये घेतले होते. तो जास्त झाल्यास त्याच्या करपट कडवटपणात धुराची चव लोपते. भरडलेला माल्ट सु. ६६° से. तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवल्यावर स्टार्चापासून साखर होते. गाळलेला गोड रस (वर्ट) हॉप्सची फुले घालून सु. एक तास उकळतात. हॉप्स बेताचे ठेवतात. रस त्वरेने थंड करून त्यात यीस्ट मिसळतात. बँबर्गच्या पद्धतीत किण्वन थंड तापमानात होते व बिअर पुढे काही आठवडे थंड तळघरात ठेवतात. घरगुती पद्धतीत १८°–२०° से. ला क्रिया करणारे यीस्टही चालते.

बँबर्गमधील एका माल्ट कारखान्याचा धुरविलेला माल्ट आता अनेक देशांत विकत मिळतो आणि त्यामुळे हा प्रकार सर्वत्र करता येऊ लागला आहे. तथापि विकतच्या माल्टला एकच ठरावीक चव असते. लाकडाची जात, जाळ आणि धूर देण्याची वेळ यांमुळे येणारे वेगळेपण स्वतःच्या भट्टीतच साधते. हे ज्ञान ग्रंथांपेक्षा प्रत्यक्ष कामातून पुढच्या पिढीस मिळत आले आहे. म्हणून एखाद्या गावातील भट्टी विझली, तर यीस्टप्रमाणे ते बाहेरून आणून भरून काढता येत नाही.