कोलेस्टेरॉलची गोळी आणि नवतपाचे ऊन

मागच्या उन्हाळ्यात साकोली तालुक्यातील एका गावी आम्ही आरोग्य तपासणी शिबिर घेतले. एक काकाजी म्हणाले, "बाई, डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी दिली आणि रोज फिरायला सांगितले. फिरलो तर मांड्या ठणकायला लागल्या. शेजारी म्हणाले, गोळीनेच मांस झिजते. म्हणून दोन महिन्यांपासून गोळी सोडली." काकाजींना आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. ठणका परवडला, पण ही सोडलेली गोळी जिवावर बेतली असती. म्हणून हा विषय समजून घेऊ.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही या गोळ्यांची नेहमीची नावे. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याचे काम त्या कमी करतात. त्यामुळे रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साचणे मंदावते आणि झटक्याचा धोका घटतो. काही जणांचे स्नायू मात्र दुखतात, बहुधा दोन्ही मांड्या, पोटऱ्या किंवा खांदे. फारच क्वचित स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटतात. त्यातील मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा करते.

आता उन्हाचा संबंध पाहा. सवय नसताना केलेले अतिश्रम आणि उष्माघात यांनी गोळी न घेणाऱ्याचेही स्नायू फुटू शकतात. घामाने शरीरातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते. ही सगळी कारणे एकत्र आली तर धोका वाढतो. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा सावध राहायलाच हवे.

म्हणून चालणे सोडायचे का? नाही. नेदरलँड्समधील नायमेखन शहरात दरवर्षी चार दिवसांची पदयात्रा असते. तिथे रोज 30 ते 50 किलोमीटर चालणाऱ्यांची तपासणी झाली व निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. या गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूंना इतरांपेक्षा जास्त इजा झाल्याचे आढळले नाही. पण ते ऊन आपल्या नवतपाचे नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

आम्ही शिबिरात सांगतो ते असे :

• फिरणे सकाळी ऊन चढण्याआधी उरका. सुरुवात 10-15 मिनिटांनी करा. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक-दोन आठवडे लागतात.
• बाहेर पडण्याआधी आणि मध्ये-मध्ये पाणी प्या. डोक्याला दुपट्टा बांधा. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात पाणी मोजून पिण्यास सांगितले असेल, तर प्रमाण डॉक्टरांनाच विचारा.
• लघवी जास्त होणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोला.
• अंग दुखते म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणून खाऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला घातक ठरते.
• गजकर्णासाठी इट्राकोनॅझोल किंवा संसर्गासाठी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले जात असेल, तर आपली कोलेस्टेरॉलची गोळी आधी दाखवा. या औषधांमुळे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते.
• ताप, जुलाब, उलट्या असतील तर व्यायाम बंद ठेवा.

साधा ठणका विश्रांतीने दोन-चार दिवसांत ओसरतो. दोन्ही बाजूंचे दुखणे राहिले तर दवाखान्यात सीपीके ही रक्ततपासणी करता येते. जड कामानंतर लगेच केल्यास ती उगाच वाढलेली दिसते, म्हणून आधी केलेले श्रम डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. मनाने सोडू मात्र नका.

लघवी काळ्या चहासारखी झाली, लघवीचे प्रमाण घटले किंवा स्नायू इतके कमजोर झाले की उठवत नाही, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. या वेळी पुढची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. माणूस उन्हात बरळू लागला, बेशुद्ध झाला तर 108 ला फोन करा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

शेवटी एक गोष्ट. सकाळी फिरायला जाणे सर्वांच्या नशिबी नाही. आपल्या अनेक मायबहिणींचा व्यायाम म्हणजे तेंदूपत्ता तोडणे, उन्हाळी धान कापणे, तलावाचा गाळ काढणे. त्यांनाही या गोळ्या चालू असतात. रोजगार हमीच्या कामावर पिण्याचे पाणी, विसाव्याला सावली आणि प्रथमोपचार पेटी हा मजुराचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. नसेल तर चार जणींनी मिळून मागा. बुद्धपौर्णिमेची मिरवणूकही याच उन्हात निघते. आयोजकांनी ती संध्याकाळी काढावी, वाटेत पाण्याची सोय ठेवावी.

ते काकाजी परत डॉक्टरांकडे गेले. मात्रा बदलून गोळी पुन्हा सुरू झाली. आता ते पहाटे फिरतात, पाण्याची बाटली सोबत असते. तुमच्या घरात कोणी गोळी सोडली आहे का, आजच विचारा.