लाकडी माडी, मांजर आणि कापडाचा माल

कापडाच्या तिजारतीत उंदीर हा मोठा दुश्मन. एका रात्रीत तो ताग्याच्या घड्या कुरतडतो आणि तो माल चिंधीच्या भावात काढावा लागतो. म्हणून आम्हा कापडवाल्यांपैकी अनेकजण मांजर पाळतात. परंतु बीड, अंबाजोगाईच्या जुन्या पेठांत खाली दुकान आणि वर सागवानी फळ्यांची माडी असेल, तर मांजराबरोबर साफसफाईचा प्रश्नही येतो.

फरशी धुता येते, फळी धुता येत नाही. बादलीभर पाणी ओतले की ते सांध्यांत मुरते, लाकूड फुगते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की तेच लाकूड आकसते, सांधे रुंदावतात व त्यांत घाण बसते. शिवाय खाली माल असेल तर पाणी त्यावरच ठिबकते.

म्हणून रोज मऊ झाडूने फळीच्या लांबीच्या दिशेने झाडावे आणि नंतर घट्ट पिळलेले सुती कापड फिरवावे. त्याला केस चिकटून येतात. नाहीतर पांढरा केस बुरख्याच्या काळ्या कापडावर गिऱ्हाइकाला आधी दिसतो.

मांजराने फळीवर लघवी केली तर घासू नये. कोरड्या चिंध्या दाबून ती टिपून घ्यावी. मग एक भाग पांढरा सिरका व तीन भाग पाणी यांत कापड बुडवून, पिळून पुसावे आणि लगेच कोरडे करावे. जागा सुकल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा व सकाळी झाडून घ्यावा. सिरका आणि सोडा एकत्र करू नये. दोघांचाही असर जातो. लघवीतील यूरिक आम्लाचे खडे पाण्याने सहज विरघळत नाहीत. त्यामुळे गेलेला वाटणारा वास पावसाळ्याच्या दमट हवेत परत येतो आणि कोऱ्या मालात शिरतो. असा वास हटत नसेल तर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे एन्झाइमचे द्रावण वापरावे.

फिनाइल मात्र टाळावे. मांजर पंजे चाटते आणि फिनॉलसारखी द्रव्ये त्याच्या यकृताला पचवता येत नाहीत. डांबरगोळ्याही त्याला विषारीच. लघवीवर ब्लीचिंग पावडर टाकल्यास घातक वायू निघतो.

फळ्यांना जवसाचे तेल देत असाल तर हात पातळ द्यावा आणि पूर्ण वाळेपर्यंत वर माल ठेवू नये. तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात तर मुळीच टाकू नये. वाळताना हे तेल तापते आणि चिंध्या ठिणगीशिवाय पेट घेतात. कापडाच्या दुकानात याचा अर्थ काय, हे व्यापारी बंधूंना सांगायला नको. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा बाहेर मोकळ्या हवेत सुट्या पसरून वाळवाव्यात.

शेवटी, पत्र्याच्या उथळ पेटीत कोरडी वाळू भरून मालापासून दूर ठेवावी आणि घाण रोज काढावी. पेटी घाण राहिली तर मांजर पुन्हा फळीवरच जाते.