ॲ : नवे अक्षर, जुने लेखन

नव्या सुनेचे नाव सासूच्याच नावाशी जुळले, तर पूर्वी आपल्याकडे सुनेचे नाव बदलत. संगणकाच्या भाषांत उलटे घडते. नवा राखीव शब्द आला की त्याच नावाने आधी नांदणाऱ्यांना नाव सोडावे लागते. पायथॉन या भाषेत २०१८ साली ‘एसिंक’ हा शब्द राखीव झाला आणि तो साधे नाव म्हणून वापरणारे चालते प्रोग्रॅम अडले. २०२१ मध्ये ‘मॅच’ घेताना मात्र शहाणपण आले: तो ठराविक जागीच राखीव, इतरत्र मोकळा.

आपल्या मराठीतही असा एक नवागत आहे, ॲ. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. तोवर कोणी ‘अ’ टंकून त्यावर चंद्र ठेवी, कोणी मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घाली, कोणी हिंदी वळणाचा ऍ वापरून मोकळा होई. युनिकोडचा एक नियम चांगला आहे: एकदा दिलेला क्रमांक काढून घेत नाहीत. त्यामुळे जुना मजकूर आजही तसाच उघडतो.

अडचण येते ती शोधताना. जुनी जोडी आणि नवा ॲ कागदावर सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते वेगळे, आणि मानकानेही त्यांना समान ठरवलेले नाही. समजा, २००५ सालच्या केसपेपरवर ‘ॲलर्जी’ जुन्या रीतीने टंकली आहे. आज डॉक्टर नव्या अक्षराने शोधतो आणि साधा शोध सांगतो, नोंद नाही. ॲकोनाइट सापडले नाही तर मी दुसरा कागद उघडीन. पण ॲलर्जी सापडली नाही, की ती नाहीच असे वाचले जाते.

बेळगाव-निपाणी भागात हे अधिक जपायला हवे. इथले सरकारी दप्तर कन्नडमध्ये. मराठी नोंदी राहतात त्या वाचनालयांच्या याद्यांत, संस्थांच्या इतिवृत्तांत, घरच्या कागदांत. त्या नीट लावायला बाहेरून कोणी येणार नाही.

मात्र नीट लावणे म्हणजे जुने खोडणे नव्हे. केशवसुतांपूर्वीचे पद्य मुळाबरहुकूम छापावे, असे साहित्य महामंडळाचे लेखननियम सांगतात. तोच विवेक इथेही चालेल. मूळ फाईलला हात लावू नये. शोधताना प्रोग्रॅमने चारही रूपे एकच धरावीत. नवे लेखन ॲ वापरूनच करावे. संगणक शिकणारा नातू हे काम दुपारभरात करून देईल. ऍ विसरू नकोस, एवढे त्याला बजावा.