आम्हांला आत घ्याल का?

पुणे–सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकले की इंदापूरच्या अलीकडे, उजनीच्या पाणफुगवट्याच्या काठाला डाळज लागते. या पट्ट्यातल्या माणसाला मंडळांचे अप्रूप नाही. गणेश मंडळ, भजनी मंडळ, तालीम, दूध संस्था यांत तो वाढलेला असतो. तिथे ‘कोणाचा कोण’ एवढे ठाऊक असले की पुरते. पण जिथे आपल्या घराण्याची, भावकीची ओळख चालत नाही, अशा बंधुमंडळात नवख्याने कसे शिरायचे? तिथे उंबऱ्यावर काहीतरी विचारले जाते. महाराष्ट्रात गेल्या दोनशे वर्षांत अशी बरीच दारे उभी राहिली. त्या दारांवर काय विचारले गेले हे पाहिले, की ती मंडळे खरोखर कशावर उभी होती तेही दिसते.

काळी गोटी, पांढरी गोटी

बंधुमंडळ म्हटले की जगभर पहिले नाव निघते ते फ्रीमेसनांचे. दगडी बांधकाम करणाऱ्या गवंड्यांच्या जुन्या संघटनांची हत्यारे, म्हणजे काटकोन, कंपास, ओळंबा, त्यांनी नीतीच्या खुणा म्हणून घेतली. २४ जून १७१७ रोजी लंडनमधल्या चार लॉजनी, म्हणजे स्थानिक शाखांनी, एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापल्याचे ही मंडळी मानतात. कंपनी सरकारच्या जहाजांबरोबर हा पंथ हिंदुस्थानात आला. अठराव्या शतकातच कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत लॉज निघाल्या. बंद दारांआड काय चालते हे बाहेरच्यांना कळेना, तेव्हा लोकांनी त्यांच्या इमारतीला ‘जादूघर’ म्हणायला सुरुवात केली.

आत जाण्याची रीत आजही साधारण तीच आहे. मेसन स्वतःहून कोणाला बोलावत नाहीत, इच्छुकाने विचारायचे असते. तो प्रौढ पुरुष हवा, चारित्र्याने बरा हवा आणि एका परमेश्वरी शक्तीवर त्याचा विश्वास हवा. ती शक्ती कोणत्या धर्माची, हे विचारत नाहीत. त्याचे नाव सुचवणारा एक आणि अनुमोदन देणारा एक असे दोन सभासद लागतात. मग भेटीगाठी, चौकशी आणि शेवटी गुप्त मतदान. डब्यात पांढरी गोटी पडली तर होकार, काळी पडली तर नकार. बहुमत इथे कामाचे नाही. नियमात ठरलेल्या मोजक्या काळ्या गोट्या पडल्या की अर्ज बाद होतो, कारणही दिले जात नाही.

निवड झाली की दीक्षा. अंगावरचा पैसा-धातू काढून ठेवायचा, डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोरी. श्रीमंत असो वा गरीब, सगळ्यांनी सारख्याच अवस्थेत दारावर उभे राहायचे. शपथ ज्याच्या त्याच्या धर्मग्रंथावर घेतात, त्यामुळे भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब एकत्र ठेवलेले दिसतात. मग कातडी एप्रन मिळतो आणि शिकाऊ, कारागीर, उस्ताद अशा तीन पायऱ्या सुरू होतात. बैठकीत राजकारण आणि धर्माचा वाद काढायला मनाई असते.

माणकजींचा वळसा

कागदावर इतकी समता, पण मुंबईत ती दारातच अडखळली. माणकजी कर्सेटजी हे शिकलेले पारशी गृहस्थ. पुढे १८६३ मध्ये त्यांनी मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढली. १८४० च्या सुमारास त्यांनी मुंबईच्या ‘पर्सिव्हरन्स’ लॉजमध्ये प्रवेश मागितला आणि गोऱ्या सभासदांनी तो नाकारला. माणकजी थांबले नाहीत. युरोपात गेले आणि पॅरिसच्या एका लॉजमध्ये दीक्षा घेऊन परतले. आता ते रीतसर मेसन होते, तरी मुंबईचे दार बंदच राहिले.

तेव्हा स्कॉटिश मेसनांचे पश्चिम हिंदुस्थानातले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स पुढे आले. हिंदी लोकांना घेता यावे म्हणून १५ डिसेंबर १८४३ रोजी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही नवी लॉज त्यांनी मुंबईत उभी केली. पारशी समाजसुधारक आणि विद्वान खर्शेदजी रुस्तमजी कामा १८५४ मध्ये इथेच दाखल झाले. हिंदूंची वाट त्याहून लांब होती. अनेक देव मानणारा माणूस ‘एका परमेश्वरा’ची शपथ कशी घेणार, अशी शंका काढली जाई. कलकत्त्यात प्रसन्नकुमार दत्त यांना बरीच वर्षे झगडावे लागले, तेव्हा कुठे १८७२ मध्ये त्यांना आत घेतले. पुढे त्याच शहरात १८८४ मध्ये तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, मेसन झाले.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी भारताची स्वतंत्र ग्रँड लॉज झाली आणि रामपूरचे नवाब तिचे पहिले ग्रँड मास्टर झाले. मुंबईतल्या फोर्टमध्ये फ्रीमेसन हॉल आहे. पुण्याच्या छावणीत ‘ओरायन इन द वेस्ट’सारखी लॉज एकोणिसाव्या शतकापासून होती. या ग्रँड लॉजचे दार स्त्रियांना मात्र आजही बंद आहे. स्त्री-पुरुषांना एकत्र घेणारा निराळा मेसन पंथ अॅनी बेझंट यांनी इकडे रुजवला. त्या स्वतः १९०२ मध्ये त्यात शिरल्या होत्या.

पाव खाऊन दाखवा

माणकजी दारे ठोठावत होते त्याच दशकात मराठी माणसांनी आपले एक गुप्त मंडळ काढले. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या विचारातून १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा सुरू झाली. अध्यक्ष होते राम बाळकृष्ण जयकर. मनुष्यजात एक आहे, ईश्वर एक आहे, जातिभेद मोडला पाहिजे, हा तिचा पाया.

इथल्या उंबऱ्यावरची परीक्षा आजच्या वाचकाला गमतीची वाटेल. नव्या सभासदाने ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खाऊन दाखवायचा! पण त्या काळी एवढ्याने माणूस वाळीत पडे, लग्न मोडे, आईबाप दुरावत. मेसन म्हणत, आमच्यात जात नाही. परमहंसांनी म्हटले, नाही ना, मग आत्ता आमच्यासमोर मोड. सभेच्या शाखा मुंबईबाहेरही निघाल्या. पुढे संस्कृत पंडित म्हणून नावारूपाला आलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर विद्यार्थिदशेत तिच्या बैठकांना जात. बाबा पदमनजी यांनी ख्रिस्ती होण्याआधी तिथे काढलेल्या दिवसांबद्दल ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहिले आहे.

घात झाला तो गुप्ततेने. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली. नावे बाहेर येणार या धास्तीने मंडळी पांगली आणि सभा मोडली. पाव खाण्याचे धैर्य अनेकांकडे होते, तो खाल्ल्याचे चारचौघांत सांगण्याचे धैर्य थोड्यांकडेच निघाले. सभेतून बाहेर पडलेल्या काही जणांनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघडपणे. दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग त्यात पुढे होते. १८७३ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, तोही उघड्यावर. तिथे शपथ होती, पण ती खंडोबाचा बेलभंडार उचलून, म्हणजे कुणब्या-माळ्याला घरचीच वाटेल अशी.

गळ्यात माळ

इंदापूर तालुक्याला सर्वांत जवळचे बंधुमंडळ दरवर्षी आषाढात स्वतःच चालत येते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापुरात मुक्कामाला येते. वाटेत बेलवाडीला गोल रिंगण होते. या वारकरी पंथात शिरण्याला ‘माळ घेणे’ म्हणतात. एखाद्या फडाच्या महाराजांकडून किंवा जुन्या वारकऱ्याकडून तुळशीची माळ गळ्यात घालून घ्यायची. अनुमोदक, मतदान, वर्गणी यांतले काही लागत नाही. बाई असो वा पुरुष, कोणत्याही जातीचा असो, माळ मिळते. आत आलेले थोर असोत की पोर, एकमेकांच्या पाया पडतात आणि ‘माऊली’ म्हणतात.

इथली परीक्षा नंतर सुरू होते आणि ती आयुष्यभर चालते. वारी चुकवायची नाही, एकादशी धरायची, रोज हरिपाठ म्हणायचा, मांस-दारू वर्ज्य. म्हणूनच खेड्यात ‘माळ घालतोस खरा, पण झेपेल का?’ असा प्रश्न घरचेच विचारतात.

तरी या उदार दारालाही एक बंद दार जोडलेले होते. पंढरपूरच्या वाळवंटात सगळे समान, पण तिथल्या देवळाच्या आत अस्पृश्यांना जाता येत नव्हते. चोखोबांची समाधीही बाहेर, महाद्वाराशी आहे. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले.

आजचा नवखा

आज डाळजच्या एखाद्या तरुणाला मेसन व्हावेसे वाटले, तर ग्रँड लॉजच्या अधिकृत पत्त्यावर उघड चौकशी करता येते. कोणी ओळखीचे नसले तरी अडत नाही. काही भेटींत ओळख होते, मग नाव सुचवले जाते. प्रवेशाची आणि वर्षाची वर्गणी असते, ती आधीच विचारून घ्यावी. ‘गुप्त मंडळात या, रातोरात श्रीमंत व्हा’ असा निरोप मोबाइलवर आला, तर तो ठकाचा समजावा. मेसन मुळात आमंत्रण देत नाहीत आणि संपत्तीचे आश्वासन तर कधीच नाही. रोटरीचे याच्या उलट असते. १९०५ मध्ये शिकागोत निघालेल्या या क्लबात सभासदच पुढाकार घेऊन बोलावतात. तिथेही स्त्रियांना सरसकट प्रवेश मिळायला १९८९ उजाडले.

मंडळ कोणतेही असो, प्रश्न फक्त त्यांनीच विचारायचे असे नाही. नवख्यानेही तीन गोष्टी विचाराव्यात: तुम्ही कोणाला आत घेत नाही? इथे आलो हे घरी, गावात सांगता येईल का? आणि नको वाटले तर उद्या उठून जाता येईल का? माणकजींना पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने मिळाले, परमहंस सभा दुसऱ्या प्रश्नावर मोडली. हे प्रश्न ज्या मंडळाला खपत नाहीत, त्याचा अर्ज भरूच नये.