दोन ब्राउझरांची भेट

पत्र एक दिवस उशिरा आले म्हणून त्याचा अर्थ नाहीसा होत नाही. संभाषणाचे तसे नाही. उच्चारलेला शब्द दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास फार वेळ लागला, की दोघेही एकदम बोलू लागतात आणि एकदमच थांबतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार हा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर बहुतेक संभाषणांत तो जाणवत नाही. म्हणूनच ध्वनी सामान्यतः २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत पाठविला जातो आणि हरवलेल्या तुकड्याची वाट पाहत न बसता त्याची उणीव अंदाजाने भरून काढली जाते.

ब्राउझरमधून असे संभाषण करण्यासाठी पूर्वी वेगळी जोड-आज्ञावली बसवावी लागे. २०११ साली गूगलने वेबआरटीसी हे तंत्र सर्वांसाठी खुले केले आणि २०२१च्या जानेवारीत त्याला अधिकृत वेब-मानकाचा दर्जा मिळाला. कॅमेरा व मायक्रोफोन वापरणे, चित्र व ध्वनी यांचे संकोचन करणे आणि ते सांकेतिक रूपात पाठविणे ही कामे आता ब्राउझर स्वतःच करतो. मात्र दोन ब्राउझरांनी एकमेकांना प्रथम कसे शोधावे, हे मानकाने मुद्दामच ठरविलेले नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी जावास्क्रिप्ट भाषेतील तयार आज्ञावलींचे संच, म्हणजेच लायब्ररी, उपयोगी पडतात. पीअरजेएस हा त्यांपैकी एक. त्यात प्रत्येक ब्राउझरला एका मध्यस्थ सर्व्हरकडून एक ओळखनाम मिळते. त्या नावाने ‘कॉल’ ही आज्ञा दिली आणि पलीकडून ‘आन्सर’ने उत्तर आले, की जोडणीची बोलणी सुरू होतात. हा सर्व्हर केवळ ओळख करून देतो. चित्र व ध्वनी त्याच्यामधून जात नाहीत.

खरी अडचण पुढेच असते. बहुतेक संगणकांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो. जुन्या वाड्याला दिंडीदरवाजा एक आणि आत बिऱ्हाडे अनेक, तसे एका राउटरच्या आड अनेक संगणक असतात. दरवाजाचा पत्ता बाहेरून कसा दिसतो, हे ‘स्टन’ सर्व्हर सांगतो. परंतु काही कार्यालयांचे व मोबाइल कंपन्यांचे दरवाजे इतके कडक असतात, की पत्ता कळूनही थेट प्रवेश मिळत नाही. अशा वेळी ‘टर्न’ सर्व्हर मध्ये उभा राहून प्रत्येक तुकडा इकडून तिकडे पोहोचवितो. त्याला मजकूर वाचता येत नाही. पण सारा भार त्याच्यावर पडतो आणि त्याचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो.

हा खर्च टाळण्याचा मोह स्वाभाविक आहे. एकाच खोलीतील दोन संगणकांवर प्रयोग केला, तर टर्नवाचूनही सर्व काही सुरळीत चालते. दूरच्या गावातून डॉक्टरांशी बोलू पाहणाऱ्या रुग्णाला मात्र पडदा काळाच दिसतो आणि दोष आपल्याच यंत्राचा असावा, असे त्याला वाटते.

माणसे वाढली, की आणखी एक मर्यादा पुढे येते. सहा जण परस्परांशी थेट जोडले गेले, तर प्रत्येकाला आपले चित्र पाच वेळा पाठवावे लागते. एकूण प्रवाह होतात तीस. म्हणून मोठ्या सभेसाठी चित्रांचे वाटप करणारा मध्यवर्ती सर्व्हर लागतो. लायब्ररीमुळे आज्ञा लिहिण्याचे श्रम वाचतात. बंद दरवाजापलीकडच्या माणसापर्यंत पोहोचण्याची तजवीज मात्र सेवा उभारणाऱ्यालाच करावी लागते.