दहा बाय दहाच्या खोलीतला वाद्यवृंद

अंतोनिन द्वोर्झाकच्या नवव्या सिम्फनीचा दुसरा भाग, म्हणजे लार्गो, पितळी वाद्यांच्या मोजक्या संथ स्वरसंघांनी उघडतो. हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा आणि त्यांच्यात मिसळून गेलेले क्लॅरिनेट नि बासून, सगळे दबक्या आवाजात. मग म्यूट लावलेल्या व्हायोलिनांच्या अंथरुणावर कोर आंग्ले हे सुषिर वाद्य ती प्रसिद्ध धून घेऊन येतं. १८९३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ही सिम्फनी पहिल्यांदा वाजली. तिची स्वरलिपी आता कुणालाही मोफत मिळते. पुण्यातल्या माझ्या खोलीत संगणकावर वाद्यवृंद उभा करायला शिकायचं ठरवलं, तेव्हा मी हीच पानं निवडली. स्वर थोडे, लय संथ. नवशिक्याला झेपेल असं वाटलं.

स्वरलिपीबरहुकूम एकेक स्वर भरला. वाद्यंही खरी होती, म्हणजे कसलेल्या वादकांनी वाजवलेला एकेक स्वर ध्वनिमुद्रित करून बनवलेली. सूर बरोबर, लय बरोबर. तरी ऐकताना जीव घुसमटायचा. ट्युबा, बासून, व्हायोलिन सगळे एका रांगेत माझ्या नाकासमोर उभे होते. त्यांच्यात आणि माझ्यात हवाच नव्हती. गेली दोन वर्षं मी जे शिकतो आहे ते मुख्यतः ही हवा परत कशी आणायची ते.

ही विद्या मुंबईला जुनी आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत हिंदी चित्रपटगीतं ध्वनिमुद्रित होत तेव्हा गायक आणि वादक एकाच वेळी गात-वाजवत आणि सगळं मोजक्या मायक्रोफोनांतून एकाच मोनो पट्टीवर जाई. नंतर दुरुस्तीला फारसा वाव नसे. संगीतकार चाल देई, पण पन्नास-साठ माणसांनी नेमकं काय वाजवायचं ते अरेंजर लिहून काढी. या अरेंजरांत आणि वादकांत गोव्याची माणसं मोठ्या संख्येनं होती, कारण तिथल्या पॅरिश शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला लहानपणीच शिकवत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, ट्रंपेटवाले चिक चॉकलेट ही त्यांतली काही नावं. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागांवर आधारलेल्या सिम्फनी रचनांसाठी वाद्यवृंद उभारला होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना त्यांनी व्हायोलिन शिकवलं, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ती त्या शिष्यानं वाहिलेली गुरुदक्षिणा होती.

त्या काळात मिक्सिंगचा मोठा भाग खुर्च्यांनीच होत असे. ट्रंपेट मागे भिंतीशी, बासरी पुढे, गायकाला स्वतंत्र जागा. एखादं वाद्य अंगावर येत असेल तर वादकाला दोन पावलं मागे सरकवायचं. खुर्ची मागे सरकली की आवाज नुसता लहान होत नाही, त्याचा पोत बदलतो. तीक्ष्ण कडा बोथट होतात, खोलीचा गुंजारव मिसळतो, स्वर कणभर उशिरा पोचतो. संगणकावर आवाज कमी-जास्त करणारा फेडर खाली ओढला तर आवाज नुसता लहान होतो. १९९० च्या दशकात सिंथेसायझर आणि संगणक आले तसं या वादकांचं काम आटत गेलं. ज्या हत्यारानं त्यांच्या खुर्च्या उचलल्या तेच हत्यार मी हाताळतो आहे, त्यामुळे त्यांची ही विद्या तरी नीट शिकून घ्यायची असं मला मनापासून वाटतं.

मुद्रित स्वराचा नमुना साठवून वाजवण्याची कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १९६३ मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन तयार झाला. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय फितीचा एकेक तुकडा असे. पट्टी दाबली की फीत धावे आणि साधारण ८ सेकंदांत स्वर संपे. १९७९ मध्ये सिडनीच्या फेअरलाइट कंपनीनं हेच काम संगणकाच्या स्मृतीत आणलं. त्यात स्ट्राविन्स्कीच्या ‘फायरबर्ड’मधला अख्ख्या वाद्यवृंदाचा एक ठोका साठवलेला होता, आणि तो ठोका पुढे असंख्य पॉप गाण्यांत ऐकू आला. १९८३ साली मिडी आली, म्हणजे कोणती पट्टी केव्हा आणि किती जोरात दाबली हे आकड्यांत सांगणारी भाषा. तिच्यात जोर ० ते १२७ मध्ये मोजतात. बीथोव्हनची कुजबूज आणि गर्जना दोन्ही त्या १२८ पायऱ्यांत बसवायच्या.

खरी उडी त्यानंतरची. १९९८ च्या गिगासॅम्पलर या सॉफ्टवेअरनं नमुने थेट हार्ड डिस्कवरून वाजवायला सुरुवात केली, त्यामुळे स्मृतीची अडचण सुटली आणि एका स्वराचे दहा-वीस प्रकार साठवणं शक्य झालं. मग व्हिएन्नात हर्ब टुकमांडल या चेलोवादकाच्या पुढाकारानं एक संस्था उभी राहिली. स्वतः वादक असल्यामुळे त्याला नेमकी उणीव कळली होती. ‘सा’ आणि ‘ग’ वेगवेगळे मुद्रित करून शेजारी ठेवले तर ‘सा’वरून ‘ग’वर जाणं तयार होत नाही. म्हणून त्यांनी स्वरांबरोबर स्वरांमधला प्रवासही मुद्रित केला. प्रत्येक स्वरापासून वरच्या आणि खालच्या स्वरांपर्यंतचा. मींड ऐकून वाढलेल्या कानाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

व्हिएन्नाचे ते पहिले नमुने जवळजवळ गुंजारव नसलेल्या खोलीत घेतले होते. लंडनच्या स्पिटफायर कंपनीनं उलट वाट धरली. त्यांनी बरंचसं मुद्रण लिंडहर्स्ट हॉलमध्ये केलं, जो मुळात आल्फ्रेड वॉटरहाउस या वास्तुकारानं बांधलेलं चर्च आहे. तिथे वादक आपापल्या नेहमीच्या जागी बसले, आणि जवळचे, लांबचे, उंचावरचे असे अनेक मायक्रोफोन एकाच वेळी लावले गेले. त्यांतला मुख्य संच म्हणजे डेका ट्री. १९५० च्या दशकात डेका कंपनीच्या अभियंत्यांनी बसवलेली ही रचना अगदी साधी आहे: वाद्यवृंदसंचालकाच्या डोक्यावर तीन मायक्रोफोन, एक डावा, एक उजवा, एक थोडा पुढे. संचालकाला जे ऐकू येतं तेच जवळपास पट्टीवर उतरतं. नवशिक्यानं हॉलमध्ये मुद्रित केलेल्या वाद्यांपासून सुरुवात करावी असं माझं मत झालं आहे. बसण्याच्या जागा आयत्या मिळतात, आणि चुका करायला इतर पुष्कळ जागा उरतात.

कोरडी, म्हणजे गुंजारवाशिवाय मुद्रित केलेली वाद्यं घेतली तर अंतर आपल्यालाच बांधावं लागतं. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरमागे जवळपास ३ मिलिसेकंद. संचालकापासून पहिली व्हायोलिनं ३ मीटरवर आणि ट्रॉम्बोन १२ मीटरवर असतील, तर ट्रॉम्बोनचा स्वर सुमारे २६ मिलिसेकंद मागून येतो. उंच कंपनं हवेत लवकर विरतात, म्हणून मागच्या वाद्याची वरची धार थोडी घासून टाकायची. आणि जवळच्या वाद्याचा थेट आवाज आधी येतो, भिंतीवरून परतलेला बराच नंतर. लांबच्या वाद्याचे हे दोन्ही जवळजवळ हातात हात घालून येतात. कृत्रिम गुंजारव देणाऱ्या रिव्हर्बमधल्या प्री-डिले या, गुंजारव किती उशिरा सुरू व्हावा ते ठरवणाऱ्या खुंटीचा अर्थ मला हे समजेपर्यंत कळला नव्हता. मी ती सगळ्या वाद्यांना एकसारखी पिळत होतो.

गुंजारव मोजता येतो हे वॉलेस सबाइननं दाखवलं. १८९५ मध्ये हार्वर्डमधल्या एका सभागृहात व्याख्यान धड ऐकू येईना, तेव्हा तो रात्री जवळच्या नाट्यगृहातून आसनांच्या गाद्या वाहून आणी, त्या मांडून ऑर्गनची नळी वाजवी आणि आवाज विरेपर्यंत घड्याळ धरी. त्याच हिशेबावर १९०० मध्ये बोस्टनचा सिम्फनी हॉल बांधला गेला. आज एखाद्या सभागृहाचा प्रतिसाद मुद्रित करून आपल्या वाद्यावर चढवता येतो, त्यामागेही सबाइनच्या त्या गाद्या आहेत.

पण अंतर साधलं तरी माणूस साधत नाही. एका बासरीवादक मित्राला मी केलेला एक तुकडा ऐकवला. बासरीची लांबलचक ओळ ऐकत तो अस्वस्थ होत गेला आणि म्हणाला, ‘‘अरे, हा श्वास कधी घेतो?’’ मी घेऊच दिला नव्हता. तेव्हापासून सुषिर वाद्यांच्या ओळी मी स्वतः गाऊन भरतो. जिथे माझा दम तुटतो तिथे जागा सोडतो. दुसरी चूक संख्येची. सोळा व्हायोलिनांचा नमुना घेऊन त्यावर चार स्वरांचा संघ वाजवला की चौसष्ट व्हायोलिनं होतात. खऱ्या वृंदात सोळाच माणसं चार-चार वाटली जातात आणि आवाज पातळ, पारदर्शक होतो.

तिसरी चूक लार्गोतच होती आणि ती कळायला सर्वांत जास्त वेळ लागला. ट्रॉम्बोन हळू हवे होते म्हणून मी फेडर उतरवला होता. पण वाद्य जोरात फुंकलं की त्याचा रंगच चकाकतो. उतरवलेल्या फेडरखाली तो चकाकता रंग तसाच राहतो, जणू शेजारच्या इमारतीत कुणी ओरडतंय. वादक हळू वाजवतो तेव्हा स्वर मऊ आणि गडद होतो. कीबोर्डवरचं मॉड्यूलेशन व्हील हळू नमुन्यांपासून जोरकस नमुन्यांपर्यंत नेतं, म्हणून आधी ते चाक, मग फेडर. रिम्स्की-कोर्साकोव्हनं वाद्यवृंदलेखनाच्या ग्रंथात लिहून ठेवलंय, की जोरात वाजताना एका ट्रंपेटला दोन हॉर्न लागतात. तराजू मुळात रचनेत असतो. तिथे बिघडलेला तोल मिक्सिंगमध्ये सावरायला गेलं की तोंडावरचा रंग उतरतो.

आणि मग ही खोली. आपल्याकडे दहा बाय दहा फुटांच्या खोल्या पुष्कळ. तीन मीटरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झची लाट अडकते. लांबी-रुंदी सारखी असली की दुप्पट जोमानं. डबल बासची मोकळी ‘ए’ तार ५५ हर्ट्झवर बोलते. माझी खुर्ची खोलीच्या मधोमध होती आणि तिथे तो स्वर जवळजवळ नाहीसा होई, म्हणून मी बास चढवत राहिलो. दुसऱ्याच्या घरी तीच फाइल लावली तर भांडी वाजली. आता खुर्ची मध्यापासून हलवली आहे, कोपऱ्यांत जाड गाद्या उभ्या केल्या आहेत, आणि खालच्या स्वरांचा निर्णय हेडफोनवर पडताळल्याशिवाय घेत नाही.

सर्वांत मोठा धडा मात्र मुंबईत नरिमन पॉइंटला मिळाला. तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. मी तिथे जमशेद भाभा नाट्यगृहात वरच्या मजल्यावर बसलो आणि डोळे मिटून प्रत्येक वाद्य बोटानं दाखवायचा प्रयत्न केला. बहुतेक वेळा चुकलो. माझ्या संगणकावर प्रत्येक वाद्य डावी-उजवीकडे खिळ्यानं ठोकल्यासारखं होतं. इथे फक्त व्हायोलिनांचा कल डावीकडे आणि डबल बासचा उजवीकडे जाणवत होता, बाकी सगळं एकमेकांत वाहत होतं. हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असतं, म्हणून त्याचा आवाज वादकाकडून न येता मागच्या भिंतीवरून पसरत आला. घरी येऊन मी सगळी पॅनिंगं, म्हणजे वाद्यांची डावी-उजवी वाटणी, निम्मी केली आणि हॉर्नच्या जवळच्या मायक्रोफोनचा फेडर पार खाली नेला.

लार्गो अजून पुरा झालेला नाही. म्यूट लावलेली व्हायोलिनं अजून काचेसारखी लागतात. काल रात्री ट्युबा आणखी दोन मीटर मागे सरकवला, ट्रॉम्बोनच्या शेजारी. या सबंध सिम्फनीत ट्युबावाल्याला फक्त या एका भागात वाजवायचं असतं, तेही मोजके स्वर. बाकी सगळा वेळ तो वाद्य मांडीवर घेऊन बसलेला असतो.